दहाव्या चौकोनातलं पान

दरेकसा,
३ ऑगस्ट २०२५, रविवार

प्रिय संध्या,

जय सेवा. आपला रिवाज मी मोडत नाही. मी तुझा नमस्कार लिहायचा आणि तू माझा. तुझ्या पत्राच्या माथ्यावर जयभीम दिसलं नाही तर पत्र परत पाठवीन.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. तुझी बदली झालेल्या चोरखमाऱ्याला खोलीत फोन लागत नाही, तलावाच्या पाळीवर चढावं लागतं, हे एक. दुसरं असं, की फोनवर तू मध्येच हसतेस आणि मला सांगायचं ते राहून जातं. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. शेवटी लिहिते.

आधी शाळा. सहावीला सजीवांचं वर्गीकरण पुन्हा आलं. दरवर्षी मी फळ्यावर फांद्या काढते, वर 'सजीव', खाली 'वनस्पती' आणि 'प्राणी', त्याखाली आणखी फांद्या, आणि पोरं गुमान वहीत उतरवून घेतात. यंदा मला खडू उचलवेना. एक टोपली भरून आणली आणि वर्गाच्या मधोमध ओतली. दगड, मोराचं पीस, गोगलगायीचा शंख, पळसाचं पान, मेलेला भुंगा, वाळलेली काटकी, खिळा, कालच उगवलेले, छत्र्यांसारखे दोन टेकोडे. म्हटलं, लावा. कसं लावायचं ते सांगितलं नाही.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. मसाल्याचे डबेसुद्धा मी उंचीप्रमाणे उभे करते. तासभर हात मांडीखाली दाबून बसले.

त्यांनी आधी दोन ढीग केले, जिवंत आणि मेलेलं. मग काटकीवरून वाद लागला. काटकी मेलेली आहे, पण खिळा मेलेला नाही, कारण तो कधी जगलाच नव्हता. झाले तीन ढीग. तेवढ्यात बोगद्यातून मालगाडी निघाली. पिंटू उठून खिडकीशी गेला आणि तिथूनच विचारलं, "मॅडम, गाडी कोनत्या ढिगात?" कोणीतरी म्हणालं लोखंडाची आहे, खिळ्यात टाक. पिंटूला ते पटलं नाही. गाडी चालते, ओरडते, करंट खाते, आणि बोगद्यातून रोज पैदा होते, असं त्याचं म्हणणं. सगळा वर्ग विचारात पडला. मीही पडले. मागच्या बाकावरची एक पोरगी शांतपणे म्हणाली, "मंग तिचे पिल्लं कुठी हायेत?" गाडी खिळ्याच्या ढिगात गेली. 'प्रजनन' हा शब्द मी नंतर फळ्यावर लिहिला, पण तोवर तो त्यांना कळून गेला होता.

टेकोड्यांचं मात्र जमेना. पान नाही, हिरवेपणा नाही, पाय नाहीत. मी सांगितलं की बुरशी ना झाडांत बसते ना प्राण्यांत, तिची सृष्टीच वेगळी. त्यांना फार आनंद झाला. टेकोड्यांना त्यांनी खिडकीत वेगळी जागा दिली, आणि दुपारभर ते दोघे तिथे मोठ्या मानाने बसून होते.

बाहेर ढग उतरले होते. डोंगर कुठे संपतो ते दिसत नव्हतं. मला वाटलं, तू शेजारच्या वर्गात पहिलीच्या पोरांना गोंडीतून गोष्ट सांगते आहेस. मी तास संपला की डबा घेऊन तिकडे येणार आहे. उठलेसुद्धा. मग आठवलं. नऊ वर्षांची सवय दोन महिन्यांत कशी जाईल? तू गेल्यापासून वरच्या फळीवरचं काढून दे म्हणणारं कोणी नाही, त्यामुळे माझ्या उंचीचाही काही उपयोग उरलेला नाही.

काल तुझी भाची दिसली, मोनाली. नाल्याकडे बकऱ्या घेऊन चालली होती. मी थांबले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि बकऱ्यांना हाक मारली, मला नाही. येत्या महिन्यात वर्ष होईल. तू तिला मारलंस त्याला, तिने शाळा सोडली त्याला, आणि तू बापाचं, रेवारामबाबांचं घर सोडून माझ्या खोलीवर राहायला आलीस त्याला. तुझं, तिच्या आत्याचं, नाव घरात काढलं की ती उठून बाहेर जाते म्हणे.

ती गोष्ट लिहायची राहिली. कागद संपला.

तुझी,
नीला


२४ ऑगस्ट

प्रिय संध्या,

जय सेवा. तुझं पत्र पोळ्याच्या दिवशी मिळालं. जयभीम मोठ्या अक्षरात होतं, पास केलं.

तलावाचं तू इतकं छान लिहिलंस की मी ते वर्गात वाचून दाखवलं. ढिवरांची पोरं टोपलीत न बघता हात घालतात आणि नुसत्या स्पर्शावरून मासे वेगळे लावतात, हे ऐकून पिंटूने डोळे मिटून शेजाऱ्याचं दप्तर चाचपायला सुरुवात केली. त्यावरून मी कण्याचा धडा घेतला. एकमेकांच्या पाठीवरून बोट फिरवा म्हटलं. कणा सापडला. मग शाळेत शिरलेल्या बकरीला, मग बेडकाला. गांडुळाला नव्हता. गांडूळ हातात घेऊन एक पोरगी कितीतरी वेळ बसली. तिला त्याची काळजी वाटत होती, कण्याशिवाय हे बिचारं ताठ कसं राहणार म्हणून. मी म्हटलं, कणा असूनही सगळ्यांना ताठ राहता येतं असं नाही. पोरं हसली. त्यांना वाटलं मॅडम गंमत करतात.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी वगळून वाचलं. 'मोनालीचं नको लिहू ताई. खोटं बोलायची चटक लागली की पोरगी हातची गेली समजायची.' पत्र घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवलं. भात करताना रोज हाताला लागतं.

तुला आठवतं ना, गेल्या वर्षी सगळं पानांच्या तक्त्यापासूनच सुरू झालं? दहा झाडांची दहा पानं, तक्त्यावर दहा चौकोन, प्रत्येकाखाली नाव, पानाचा आकार, शिरांची ठेवण. नमुन्याचा तक्ता मीच केला होता. पहिल्या चौकोनात पिंपळ, आमगावच्या विहारामागून तोडून आणलेला. मोनालीचा तक्ता सगळ्यांत सुबक होता. म्हणूनच तालुक्याच्या प्रदर्शनासाठी मी तो निवडला. तिच्या दहाव्या चौकोनात फक्त 'साग' एवढं नाव होतं. तुम्हा टेकामांच्या कुळाचं ते झाड. तुमच्या घरात त्याला कोणी कोयता तर सोडाच, नखही लावत नाही. ती मला म्हणाली होती, "सागाचं मी नाई आनत मॅडम. ते आमचं हाय." मी म्हटलं, बरं. आणि प्रदर्शनात, परीक्षक समोर उभे असताना, त्या चौकोनात सागाचं पान होतं. पुढचं तुला माहीतच आहे.

यंदा पानं आणायला सांगू की नको, असं आठवडाभर चाललं होतं. सांगितलं. आणि बघ काय झालं. एकोणीस पोरं, त्यांतल्या अकरा जणांच्या तक्त्यात एकेक चौकोन रिकामा. मरकामाच्या पोराने आंबा सोडला, इरपाचीच्या पोरीने मोह सोडला. मला राग आला नाही. मी सगळे तक्ते शेजारीशेजारी भिंतीला लावले आणि दाराशी जाऊन बघत राहिले. एकाकडे नाही ते दुसऱ्याकडे होतं. रिकामा चौकोन प्रत्येक घराण्याचा वेगळा, आणि भिंतीवर काहीच कमी नव्हतं. वीस वर्षं मी झाडांचे गट शिकवते. इथल्या पोरांनी त्यांच्या घरी आधीच गट लावून ठेवलेत, कोणाला कोण राखायचं याचे, हे मला यंदा दिसलं. गेल्या वर्षी एकच तक्ता निवडला होता ना, म्हणून दिसलं नाही. एका तक्त्यात तो नुसता उणा चौकोन वाटतो.

आज दुपारी जेवून पडले तर स्वप्न पडलं. तुझी-माझी सगळी पोरं त्या चौकोनांत बसली होती, पानांसारखी, हातपाय आखडून, आणि खाली नावं होती. गांडूळ पण होतं. मी पट्टी घेऊन माझा चौकोन शोधत होते. एक सापडला. त्यात शिरायला गेले तर तिथे मोनाली उभी. म्हणाली, हे माझं आहे, तुमचं तुम्ही शोधा. रागावून नाही, वाट सांगतात तसं.

उठले तेव्हा खिडकीतून सागाचा फुलोरा आत येऊन पडला होता. झाडला नाही, तसाच ठेवला.

ती गोष्ट पुढच्या पत्रात, नक्की.

नीला


१४ सप्टेंबर

संध्या,

जय सेवा.

ते पान मी लावलं.

हे वाक्य वर्षभर माझ्या डोक्यात फार लांबलचक होतं. लिहिलं तर चार शब्दांचं निघालं.

जीप दारात येऊन उभी होती. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. मी तक्ता गुंडाळण्याआधी शेवटचा एकदा उघडला आणि तो रिकामा चौकोन दिसला. माझ्याने बघवला नाही. परीक्षक गुण कापतील असं मनाशी म्हटलं, पण खरं सांगू? गुणांचं नंतर सुचलं. आधी नुसता तो रिकामेपणा टोचला. नऊ चौकोन भरलेले आणि एक उघडा. कुंपणाजवळच्या सागाची वरची फांदी ओढली, कोवळं पान तोडलं आणि चिकटवलं. मोनाली जीपमध्ये बसली होती. तिला दिसलं नाही.

माझी बोटं लाल झाली होती. सागाचं कोवळं पान चुरगळलं की होतात. तू विचारलंस, "ताई, हाताले काय लागलं?" मी म्हटलं, लाल शाई. आठवतं? आठवत असेलच. मी प्रार्थना करायची की तू विसरली असशील.

पुढे प्रदर्शनात मोनाली सगळ्यांसमोर बोलली, की हे पान मी नाही लावलं. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. शिक्षकांनी हात लावलेला तक्ता बाद होतो हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, पोरगी घाबरली आहे सर, तिनेच आणलंय. इतक्या सहज म्हटलं की मलाच खरं वाटलं. दुसरा नंबर आला. प्रमाणपत्र आणि पाण्याची बाटली.

परत येताना जीपमध्ये तू मला एकदाच विचारलंस, "ताई, खरंच तिनं आनलं?" मी हो म्हटलं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. गावात उतरल्यावर तू तिला मारलंस. बक्षिसासाठी घरचं झाड तोडलं आणि वर मॅडमला खोटं पाडते, असं म्हणालीस. ती रडली नाही. तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली. मी बाटली धरून उभी होते.

संध्या, त्यानंतर आठ महिने तू माझ्या खोलीवर होतीस. पोरीला मारल्यावरून बापाशी बिनसलं म्हणून माझ्याकडे आलीस, आणि माझ्याच चटईवर बसून म्हणालीस, ताई तू नसतीस तर मी कुठे गेले असते. मी तुला चहा करून दिला. रोज वाटायचं, आज सांगते. मग वाटायचं, आज ती बरी हसली, उद्या सांगते. तुझ्या बदलीचा कागद आला तेव्हा मला वाईट वाटलं, आणि त्याच्याखाली थोडं सुटल्यासारखंही वाटलं. तेही लिहून टाकते, राहायला नको.

मला नाव द्यायचं तर तू काय देशील ते मला माहीत आहे. मी स्वतःला दिलं आहे. तुझ्यावाचून मला या जगात मैत्रीण नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून माफी मागत नाही. माफी मागितली तर ती माझ्यासाठीच मागितल्यासारखी होईल. तू फक्त मोनालीशी बोल. तिने एकदाही खोटं सांगितलेलं नाही.

नीला


२८ सप्टेंबर

संध्या,

जय सेवा. तुझं उत्तर नाही. यायलाच हवं असं नाही.

पोस्टमन छोटेलाल रोज सायकल हळू करतो, मान हलवतो आणि जातो. त्याला काय कळलंय कोण जाणे, पण परवा तो आपणहून म्हणाला, "पानी-पाऊस हाय मॅडम, डाक लेट होते." बारा दिवस पाऊस नाही इथे.

तुला लिहिलं तेवढ्याने भागलं असं वाटलं होतं. भागलं नाही. गेल्या रविवारी तुमच्या वस्तीवर, टोल्यावर गेले. नाल्याला अजून घोटाभर पाणी आहे. पलीकडे तुमच्या अंगणात रेवारामबाबा दोरी वळत बसले होते. तुझ्या आई दुर्पताबाई तांदूळ निवडत होत्या. मोनाली छपरीत होती, मला बघून आत गेली नाही, एवढंच. मी उभ्याउभ्याच सांगितलं. आधी पाठ केलं होतं, पण मधलं सगळं विसरले आणि शेवटचंच निघालं, की पान मी तोडलं, मी लावलं आणि तिच्यावर ढकललं.

बाबांनी दोरीचा पेड पुरा केला. मग म्हणाले, "मले मालूम होतं."

मी बसले. बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले होते. कोणाला भेटले नाहीत. कुंपणाजवळच्या झाडापाशी गेले, बघितलं आणि परत आले. "देठ वरून तुटला होता. माह्या नातीचा हात तिथवर पोचत नाई. संध्याचाबी नाई. त्या शाळेत तितक्या उंच तुमीच एकल्या."

घरात कोणीच मोनालीला खोटी म्हटलं नव्हतं, संध्या. एक दिवससुद्धा नाही. आपल्याला वाटत होतं की पोरीने घरचं झाड तोडलं म्हणून टोल्यावर तिला ऐकून घ्यावं लागत असेल, म्हणून ती तोंड लपवून शाळा सोडून बसली. तसं काहीच नव्हतं. तिला खोटी ठरवणाऱ्या आपण दोघीच, शिकलेल्या. ती शाळेत आली नाही कारण शाळेत आपण होतो.

मी बाबांना विचारलं, मग संध्याला का नाही सांगितलं? ती तुमची मुलगी. वर्षभर घराबाहेर राहिली. त्यांनी दोरीचा दुसरा पेड घेतला. मग म्हणाले, "मी सांगतलं असतं तं तिनं माह्यावर भरोसा ठेवला असता का तुमच्यावर, हे मले पाहाचं नव्हतं. अन् ते बोलनं तुमचं होतं, बाई. दुसऱ्याचं बोलनं आपन कायले बोलावं?" आणि मग थोड्या वेळाने, दोरीकडे बघत, "लय दिवस लावले तुमी."

तेवढंच. त्याहून जास्त रागावले नाहीत. मला चाललं असतं.

दुर्पताबाईंनी पाणी दिलं. मी म्हटलं, काय करायचं असतं अशा वेळी, मला सांगा, दंड, पूजा, जे असेल ते करते. बाबा म्हणाले आमच्या घरचं आम्ही तेव्हाच केलं, झाडाला पाणी घातलं, त्याला समजावलं. तुमचं तुम्ही बघा. मग त्यांनी विचारलं, "तुमचं झाड कोनतं?"

मी म्हटलं, आमच्यात असं काही नसतं. त्यांना ते खरं वाटलं नाही. असं कसं, म्हणाले, कोणाचं तरी असतंच. मी नाही म्हणत राहिले आणि म्हणता म्हणता मला आमगावची आई दिसली. विहारामागच्या पिंपळाखाली आम्ही पोरं खेळायचो. कोणी पानाला हात घातला की ती काही न बोलता तो हात धरून बाजूला करायची. नियम म्हणून नाही. कोणी तिला शिकवलंही नव्हतं. नुसता हात बाजूला करायची, आणि दुसरं काम करायला लागायची. मी हे बाबांना सांगितलं. हेही सांगितलं, की नमुन्याच्या तक्त्यासाठी पहिलं पान मी तेच तोडलं होतं, काहीही न वाटता.

बाबा पहिल्यांदा हसले. "म्हंजे सुरुवात घरूनच केली," म्हणाले.

निघताना मोनाली नाल्यापर्यंत आली. पाण्यात मी चप्पल हातात घेतली तेव्हा मागून म्हणाली, "आत्याले सांगतलं का?" मी म्हटलं, हो, आधी तिलाच लिहिलं. तिने मान हलवली आणि परत गेली. बकऱ्या तिच्या मागे गेल्या.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी सगळ्या शाळेसमोर पुन्हा सांगितलं. मुख्याध्यापकांनी नंतर बोलावून म्हटलं, मॅडम, एवढं करायची गरज नव्हती. प्रमाणपत्र आणि माझा लेखी जबाब मी तालुक्याला पाठवून दिला. काय करायचं ते करतील. बाटली मात्र सापडत नाही.

नीला


१२ ऑक्टोबर

संध्या,

जय सेवा.

मोनाली शाळेत आली. तुला हे माझ्याआधीच कळलंय, हे मला तिच्याकडून कळलं. तू तिला फोन केलास. रेवारामबाबांचा फोन घेऊन ती टेकडीवर चढली होती म्हणे, आणि तू आधी पुष्कळ वेळ काही बोललीच नाहीस, मग तिनेच विचारलं, "आत्या, जेवली का?" हे सांगताना ती वर्गाच्या दारात उभी होती आणि हसू दाबत होती. मला फोन केला नाहीस. बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही केला नसता.

तिचं वय सातवीचं, पण सहावीत आमच्यात येऊन बसते दुपारी. मी काही म्हणत नाही. पिंटूने तिला मालगाडीचं पुन्हा विचारलं. तिने बराच विचार करून सांगितलं, की गाडी जिवंत नाही पण तिच्यात बसलेले जिवंत असतात, म्हणून थोडी जागा तिला द्यावी. टेकोडे तर केव्हाच वाळून गेले, त्यांच्या जागी खिडकीत आता एक कागदाची गाडी आहे. पुस्तकात बसत नाही. राहू दे.

आकाश आता मोकळं आहे. दुपारी वर्गात पिवळा उजेड येतो आणि भिंतीवरची पानं, वाळून तपकिरी झालेली, त्यात पुन्हा जराशी रंगतात. पोरं लिहीत असतात. मी खुर्चीत बसून त्या एकोणीस तक्त्यांकडे बघते आणि मला वाटतं, जंगल म्हणजे हेच असेल. कोणी ना कोणी काही ना काही सोडून दिलेलं असतं, म्हणून उभं असतं.

आता वीस तक्ते आहेत. मोनालीने काल तिचा आणून दिला. नवा केला, जुना नको म्हणाली. मी टाचण्या घेऊन उभी राहिले, उघडला, आणि माझी नजर सवयीने सरळ रिकाम्या चौकोनावर गेली. दहावा, साग. ते ठीकच होतं. पण पहिलाही रिकामा होता. खाली नाव लिहिलं होतं, पिंपळ.

मी म्हटलं, पिंपळ का नाही आणला गं? स्टेशनजवळ एवढा मोठा आहे. तुमचं तर ते नाही.

ती म्हणाली, "तुमचं हाय ना, मॅडम."

मी टाचण्या तोंडात धरल्या होत्या, म्हणून काही बोलावं लागलं नाही. वर्गाकडे पाठ करून तो तक्ता लावायला नेहमीपेक्षा बराच वेळ घेतला. तुला खरं सांगायचं तर, मला कोणीतरी त्यांच्यात लावून घेतलं, आणि ते मी जिच्यावर सगळं ढकललं तिने. त्या पोरीला हे कोणी शिकवलेलं नाही. मी तर नाहीच.

दिवाळीची सुट्टी गुरुवारपासून. भाऊबीज झाली की टोल्यावर मंडईची जत्रा भरेल, रात्री दंडारीचा खेळ आहे यंदा. दुर्पताबाई तुझ्यासाठी छपरी सारवणार आहेत. बाबांनी परवा तुझी खाट बाहेर काढून तिला नवी दोरी भरली. मी त्या दिवशी गेले तेव्हा ते वळत होते ती हीच दोरी होती. माझी अडचण होणार असेल तर मी त्या आठवड्यात आमगावला जाईन. तुला माझ्याकडे यावं लागणार नाही, दिसावंही लागणार नाही. तू घरी जा.

कुंपणाजवळच्या सागाला मी रोज पाणी घालते. त्याला गरज नाही, पोरं सांगतात, तो जंगलातला आहे, त्याचं तो बघतो. तरी घालते. जिथून फांदी ओढली होती तिथे आता दोन नवीन फुटल्यात.

तुझ्या पत्राची वाट पाहत नाही, असं शेवटी लिहिणार होते. ते आणखी एक खोटं झालं असतं.

नीला